एक सूत कमी

आत्याबाईंची तक्रार साधी होती. एका माणसाची छाती मोजायला टेप एकदाच फिरवावी लागते, आणि त्यांच्या भाचीनं ती आज तीनदा फिरवली होती.

शाळा सुटली की दोरे ओवायला येऊन बसणारी ही पोर आता पंचविशीची झाली होती. इतक्या वर्षांत तिच्या हातून कुणाचा खांदा उतरला नव्हता, बाही आखूड झाली नव्हती, काज तिरकं गेलं नव्हतं. आणि आज भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना, ही बया एका गिऱ्हाइकाभोवती टेप घेऊन अशी घुटमळत होती, जणू माणसाला छाती असते हे तिला आजच कळलं होतं.

आत्याबाई मशीनवर बसल्या होत्या. पाय चालू होते, डोळे सुईवर होते. कान मात्र तिकडे.

हे दुकान फक्त गणवेशांचं. इथे शिवायचे ते सिक्युरिटी गार्डचे कपडे. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, छातीवर झाकणाचे दोन खिसे, खांद्यावर पट्टे. या भागातून एजन्सीत नोकरीला येणारा प्रत्येक माणूस आधी इथे यायचा, हातात एक छापील कागद घेऊन. कागदावरची नजर आणि वजन डॉक्टर भरायचा. छाती, कंबर, बाही आणि उंची आत्याबाईंच्या दुकानात भरली जायची. उंची पाच फूट सात इंच हवी. तेवढी असली तर नोकरी. नसली तर कागद तिथेच संपला. अक्षरांशी आत्याबाईंचं फारसं जमलं नव्हतं, पण आकड्यांशी त्यांनी कधी बेइमानी केली नव्हती, आणि एजन्सीच्या साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

दुकानाचा आणखी एक नियम होता. भाची माप घ्यायची, कापडावर खडूनं आखायची. पण आत्याबाईंनी येऊन एकदा नजर टाकून “बरोबर आहे, काप,” म्हटल्याशिवाय कात्री उचलायची नाही.

“हात वर करा,” भाची म्हणाली.

“काही गुन्हा केला का मी?”

“बाहीचं माप आहे.”

“मग एकच हात पुरे ना?”

भाचीनं नुसतं “हं” केलं. तिच्या ओठांत नेहमीप्रमाणे दोन टाचण्या होत्या. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, म्हणून त्या असायच्या. त्यावरून अख्खी गल्ली तिला टाचणी म्हणायची; आणि क्वचित बोलली तर टोचायची, म्हणूनही.

“तुम्ही ‘हं’ म्हणालात ते हो होतं की नाही?” त्यानं विचारलं.

“हं.”

“बरं. म्हणजे मी आता दोन्ही हात वर करून उभा राहतो. तुम्ही ठरवा निवांत.”

मशीनची सुई एक टाका चुकली. आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. खांदे रुंद, मान आखूड, हाताला घट्टे. सहा वर्षं फर्निचरच्या दुकानात होता म्हणे, कपाटं पाठीवर घेऊन लोकांचे जिने चढायचा. पाठीनं साथ सोडली, डॉक्टरनं यापुढे ओझं बंद असं सांगितलं, आणि मालकानं त्याच दिवशी यालाही बंद केलं. नोकरीसाठी सहा ठिकाणी जाऊन आला होता. कुठे शिक्षण कमी पडलं, कुठे ओळख. आता नव्या रुग्णालयाच्या दारावर एजन्सीला माणसं हवी होती, आणि कागद शनिवारी दुपारच्या आत द्यायचे होते. आज गुरुवार.

हे सगळं आत्याबाईंना कळलं, कारण तो टेपच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे हे भाचीला सांगत होता.

“दाराशी उभं राहायला आवडेल मला,” तो म्हणाला. “कपाट उचललं की माणसाला नुसती पायरी दिसते. सहा वर्षांत मी लोकांच्या घरी गेलो, पण कुणाचा चेहरा नाही पाहिला.”

टेप थांबली. भाचीनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं... मग पटकन खाली.

“इकडे या. उंची.”

दाराच्या चौकटीला एक लाकडी पट्टी ठोकलेली होती, त्यावर वरखाली सरकणारी फळी. तो पाठ टेकवून ताठ उभा राहिला. भाची स्टुलावर चढली. फळी खाली सरकवली, त्याचे केस हलकेच दाबले, आकडा पाहिला.

तिनं ओठांतल्या टाचण्या काढल्या, एक-एक करून दंडाला बांधलेल्या छोट्या गादीत खोचल्या.

“किती?” त्यानं विचारलं.

“पाच... सात.”

मशीन थांबलं. आत्याबाईंचा पाय आपोआप थांबला होता. तेरा वर्षांत पोरीचा आकडा सांगताना आवाज कापला नव्हता.

तो हळूच वळला. पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“परवा एका ठिकाणी साडेसहा भरली होती. दोन दिवसांत वाढलो का मी?”

“आमची पट्टी वेगळी आहे.”

“पट्ट्या वेगळ्या असतात का?”

“तुम्हाला नोकरी हवी आहे ना?”

“हवी आहे. किती, ते सांगता येणार नाही.” तो जरा थांबला. “पण दारात उभं राहून खोटं बोलणाऱ्याला अडवायचं काम आहे ते. मीच खोटा आकडा घेऊन आत शिरलो, तर अडवू कुणाला? साडेसहा लिहा तुम्ही.”

“नाही लिहिणार.”

“मग काय लिहिणार?”

“काहीच नाही. उद्या या.”

“शिंप्याचं ‘उद्या’ मला माहीत आहे,” तो हसून म्हणाला. पण हसू डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. कागद टेबलावर ठेवून तो पायऱ्या उतरला, आणि भाची चौकटीपाशी तशीच उभी राहिली, हात फळीवर ठेवून.

आत्याबाईंनी मशीनवरून दोरा दातांनी तोडला.

“साडेसहाला सात म्हणालीस.”

“अर्ध्या इंचाचा तर प्रश्न आहे, आत्या.”

“अर्ध्या इंचानं काज चुकलं तर बटण लागत नाही. माझ्या टेपनं आजपर्यंत कुणाला खोटं सांगितलेलं नाही.”

“टेपनं कुठे, मी सांगितलं.”

“टेप धरली कुणी होती?”

भाची टेप बोटांवर गुंडाळायला लागली.

“सहा ठिकाणांहून परत आलाय तो,” ती म्हणाली.

“ऐकलं मी. मला एक सांग, ही सहा ठिकाणं मापात कुठे बसतात? छातीच्या आधी की नंतर?”

भाचीचे कान लाल झाले. आत्याबाईंनी कागद ओढून घेतला. सगळे रकाने भरलेले, दोनच रिकामे. एक उंचीचा, तो समजण्यासारखा. दुसरा छातीचा.

“तीनदा मोजलीस,” आत्याबाई म्हणाल्या, “आणि लिहिली एकदाही नाहीस.”

त्या संध्याकाळी दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. कात्री दे. दिवा लाव. शटर ओढ. आत्याबाईंच्या नाकावर माशी बसलेली त्यांना कधी खपली नव्हती, आणि आज तर घरच्याच पोरीनं त्यांच्या पट्टीला खोटं पाडलं होतं. राग आला होता, तो खराच. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी टोचत होतं. तो माणूस म्हणाला होता, साडेसहा लिहा. गरजू माणसं आत्याबाईंनी पुष्कळ पाहिली होती. बुटात पुठ्ठा घालून आलेली, टाचा उचलून उभी राहिलेली, एकानं तर केसांत गठ्ठा बांधला होता. स्वतःहून ‘कमी लिहा’ म्हणणारा हा पहिलाच.

मागच्या अंगणात त्या वाळलेले कपडे काढायला गेल्या आणि तारेपाशीच थांबल्या. ही तार त्यांच्या नवऱ्यानं बांधली होती. तो कापडाचे गठ्ठे वाहायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी आत्याबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली होती: सकाळी तो तोंड धुवायला निघाला की तारेला डोकं लागायचं, आणि संध्याकाळी गठ्ठे वाहून आला की त्याच तारेखालून मोकळा जायचा. त्यांनी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तू माझ्याकडे एवढं बघतेस?” त्या लाजल्या होत्या. पण बघत होत्या हे खरं होतं. माणसाकडे इतक्या बारकाईनं केव्हा बघितलं जातं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

कपडे हातात तसेच धरून त्या आत आल्या.

“तो कपाटवाला काल कुठून आला होता?”

“आजच आला होता, आत्या.”

“तेच. कुठून?”

“सकाळपासून पायी. चार ठिकाणी चौकशी करून.”

“हं,” आत्याबाई म्हणाल्या. टाचण्या नसताना.

शुक्रवारी तो आला तेव्हा भाची काजं करत बसली होती, मान वर न करता. तो थोडा वेळ उभा राहिला. मग कोपऱ्यातल्या कपाटाकडे त्याचं लक्ष गेलं. त्याचं दार दोन वर्षं अडत होतं. लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही.

“पेचकस आहे का?”

“कशाला?” भाची म्हणाली.

“हात रिकामे असले की मी जास्त बोलतो.”

तिनं पेचकस दिला. त्यानं बिजागरी सैल केली, खाली कागदाची घडी घातली, पुन्हा आवळली. दार एका बोटानं उघडलं. भाचीनं ते उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, आणि पुन्हा उघडलं.

“तिसऱ्यांदा उघडू नका,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला सवय आहे.”

तिला हसू आलं. लपवायला टाचण्या नव्हत्या.

“उद्या शेवटचा दिवस आहे,” ती म्हणाली. “रागावलात का माझ्यावर?”

“रागावलो असतो तर कपाट नीट केलं असतं का? माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं आजवर. ते घेता येत नाही मला... पण विसरताही येत नाही.”

आत्याबाईंनी मशीनच्या मागून खाकरून घेतलं.

“ए कपाटवाल्या, इकडे ये. उद्या सकाळी तू उठायचं नाहीस.”

“म्हणजे?”

“झोपूनच यायचं. माणूस दिवसभर उभा राहिला, चालला, ओझं वाहिलं, की उंचीनं खाली बसतो. कणा दबतो. रात्रभर आडवा पडला की पुन्हा मोकळा होतो. तू आत्तापर्यंत जिथे जिथे उंची दिलीस, तिथे दिवसभर तंगडतोड करून दिलीस. आज संध्याकाळी लवकर पड. सकाळी पाय जमिनीला लावायचा नाही. थेट माझ्या पट्टीपाशी उभं राहायचं.”

“पण आत्याबाई, येऊ कसा?”

“तो तुझा प्रश्न. कपाटं कशी आणायचास?”

“हे खोटं नाही ना होणार?” त्यानं विचारलं.

आत्याबाईंच्या भुवया चढल्या. “सकाळी तू दुसरा माणूस असतोस का? जी उंची भरेल ती तुझीच. कमी भरली तर कमी लिहीन, डोळ्यांत पाणी आणलंस तरी.”

“आणि मोजणार कोण?” त्यानं भाचीकडे पाहत विचारलं.

“तीच. तिच्याकडे माझं एक येणं राहिलंय.”

शनिवारी सकाळी गल्ली नुकती जागी होत होती. समोरच्या न्हाव्यानं खुर्ची पुसायला घेतली आणि फडका तसाच हातात राहिला. कोपऱ्यावरून एक हातगाडी येत होती. ढकलणारा, फर्निचरच्या दुकानातला त्याचा जुना दोस्त, घामानं निथळत होता. गाडीवर गादी, गादीवर माणूस, सरळसोट, डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढलेली.

न्हाव्यानं फडका खांद्यावर टाकला आणि हात जोडले. “कोण गेलं हो?”

“गेलं कुणी नाही,” चादरीतून आवाज आला. “मी नोकरीला चाललोय.”

न्हावी तीन पावलं मागे सरकला. दुकानाच्या दारात भाचीनं तोंडावर हात दाबून धरला, पण खांदे काही थांबेनात.

आत एजन्सीचे साहेब बसले होते. मोठ्या मिशीचे, पोट पुढे, कागदांची फाइल मांडीवर. कागद न्यायला ते दुपारी यायचे. आत्याबाईंनीच निरोप पाठवून सकाळी बोलावून घेतलं होतं. माझ्या पट्टीवर उद्या कुणी बोट ठेवायला नको, म्हणाल्या होत्या. जे व्हायचं ते तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे.

दोस्तानं गाडी थेट पायरीला लावली. तो उठला, दोन पावलांत चौकटीपाशी आला आणि पाठ टेकवून उभा राहिला. केस विस्कटलेले, गालावर उशीची सुरकुती. भाची स्टुलावर चढली. इतक्या जवळून त्याच्या अंगातून अजून झोपेची ऊब येत होती. त्यानं डोळे मिटून घेतले.

तिनं फळी सरकवली. केस दाबले. डोळा पट्टीच्या अगदी जवळ नेला.

आत्याबाई मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. पोरीच्या पाठीकडे त्या पाहत होत्या. आकडा त्यांना तिथून दिसत नव्हता. पाठ दिसत होती. ती ताठ झाली... मग जराशी वाकली.

“पाच सातला एक सूत कमी,” भाची म्हणाली.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शर्टाच्या बटणाच्या जाडीएवढा. परवा चार सूत कमी होती, आज एक.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तिला सात म्हणता आलं असतं. साहेब काही स्टुलावर चढणार नव्हते. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कापला नव्हता. त्यानं डोळे उघडले आणि वर तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं आत्याबाईंनी टिपून घेतलं. हरलेल्या माणसाचं नव्हतं ते.

“बरोबर सांगितलंत,” तो म्हणाला.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “काय म्हणालात? एक काय?”

“एक सूत,” आत्याबाई म्हणाल्या. “लिहा तसं. आमच्याकडून तेवढंच जाईल.”

“कुठे लिहू?” साहेबांनी कागद उलटापालटा केला. “आमच्या कागदावर सूत लिहायला जागाच नाही, आत्याबाई. इंच आणि अर्धा इंच, एवढंच छापलंय. मधे काही आलं तर जवळचा आकडा घालायचा, खाली लिहिलंय की बारीक अक्षरात. साडेसहाला जवळ आहे की सातला?”

“सातला,” भाची इतक्या चटकन म्हणाली की स्टूल हललं. त्यानं ते एका हातानं धरलं, आणि धरून ठेवलं.

“मग सात.” साहेबांनी आकडा घातला. “आणि एक सांगतो. बाकीच्या दुकानांतून पाच सात म्हणून येणारे आमच्याकडे पाच पाच निघतात. सुताची कबुली देणारं हे एकच दुकान. सोमवारी सकाळी आठ वाजता, पूर्ण गणवेशात. रुग्णालयाच्या मुख्य दारावर.” कागद फाइलमध्ये घालताना ते थांबले. “छाती कुठाय? रकाना रिकामा आहे.”

“विचारू नका,” आत्याबाई म्हणाल्या.

साहेब गेले. छातीचा आकडा मागून पाठवायचं ठरलं. दोस्त न्हाव्याकडे पाणी प्यायला गेला, आणि तिकडून दोघांच्या हसण्याचा आवाज यायला लागला. भाचीनं आकाशी कापड टेबलावर पसरलं, टेप घेतली आणि सवयीनं दोन टाचण्या ओठांत धरल्या.

“सोमवारपासून मी दिवसभर विचारणार,” तो हात वर करत म्हणाला. “कुणाला भेटायचंय, काय काम आहे. गंमत बघा, मी इथे तीन दिवस येतोय, मला कुणी विचारलंच नाही.”

“हं.”

“हे हो की नाही?”

टेप त्याच्या छातीभोवती होती. दोन्ही टोकं तिच्या हातात. तिनं टोकं सोडली नाहीत. एका हातात धरली आणि दुसऱ्यानं ओठांतल्या टाचण्या काढल्या.

“कुणाला भेटायचंय तुला?”

तो ‘तुला’ आत्याबाईंच्या कानाला बरोबर टोचला.

“टाचणीला,” तो म्हणाला.

“काय काम आहे?”

“लांबचं आहे.” त्याचा आवाज खाली आला. “जन्मभर पुरेल... असं वाटतंय मला. आत सोडणार का?”

भाचीनं टेपवरचा आकडा पाहिला. या वेळी एकदाच. कागदाच्या तुकड्यावर लिहिला, आणि लिहिता लिहिताच म्हणाली, “दार अडतं थोडं. पण तुला येतं ते नीट करायला.”

तो नुसता हसला, आणि या वेळी ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं. मग तिनं खडू घेतला आणि कापडावर आखायला लागली. खांदा, बाही, बगल, घेर. हात सरसर चालला होता, एकही रेघ दुसऱ्यांदा काढावी लागली नाही. शेवटची रेघ संपल्यावर तिनं कात्री उचलली नाही. ती टेबलापाशी उभी राहून आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली. तोही पाहत राहिला, चौकटीवरच्या पट्टीपेक्षाही ताठ.

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, कुणाचीही घाई न करता. टेबलापाशी आल्या. कापडावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, विस्कटलेल्या केसांपासून थेट पायांपर्यंत आणि पायांपासून पुन्हा वर. बराच वेळ. एवढा वेळ त्यांनी कापडाला कधी दिला नव्हता.

“परवा छाती तीनदा मोजलीस,” त्या भाचीला म्हणाल्या, “तेव्हा मला वाटलं, हात बिघडला पोरीचा. हात नव्हता बिघडला.” त्यांनी कात्री उचलून तिच्या हातात दिली. “माप बरोबर आहे. काप.”